तिखटाचा नैवेद्य

कुलूप पितळेचं होतं, सुपारीएवढं, आणि ते स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटाला लागलं होतं. सोमवारी संध्याकाळी मालन मरोळच्या बटणांच्या कारखान्यातून वाकोल्याला घरी आली, चपला काढल्या, पाय धुतले आणि रोजच्यासारखी पदराला हात पुसत आत गेली, तेव्हा आधी तिचा हात कपाटाच्या कडीकडे गेला आणि मग डोळे. कारखान्यात त्या दिवशी सुपरवायझर विद्याधरने तिला सगळ्यांदेखत झापलं होतं. तिने कार्डांवर बटणं वाकडी टाचली होती, ही गोष्ट खरीच होती. पण तो म्हणाला, "लक्ष कुठे असतं बाई तुमचं? खाण्यात?" आणि बायका हसल्या. मरोळपासून बसमध्ये ती तो एकच शब्द चघळत उभी होती, आणि घर जसजसं जवळ येत गेलं तसतसा कपाटाच्या वरच्या फळीवरचा शेवेचा डबा तिच्या डोळ्यांसमोर मोठा मोठा होत गेला. आता तो जाळीआड दिसत होता, हाताच्या अंतरावर. तिने कुलूप उचलून पाहिलं. खालच्या कडेला पोचा होता. तो पोचा तिला पाठ होता, कारण घाटकोपरच्या जिन्यावर ट्रंक आपटली तेव्हाच तो पडला होता. कुलूप तिच्या स्वतःच्या ट्रंकेचं होतं.

"काही हवं होतं, आक्का?" मागून जयंती म्हणाली. जयंती म्हणजे तिच्या धाकट्या भावाची, चंद्रप्रकाशची बायको. आवाज कसा, दुधात साखर घातल्यासारखा. "उंदीर फार झालेत हो. गणपतीचं सामान आणून ठेवलंय सगळं. दुसरं कुलूप मिळेना, म्हणून तुमचं काढलं. तुमच्या ट्रंकेत तसं काय आहे म्हणा."

उंदराला कडी काढता येते का गं, असं मालनच्या ओठांपर्यंत आलं होतं. ती म्हणाली, "बरं केलंस." आणि माठातलं पाणी पिऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

अकरा वर्षं ती अशीच 'बरं केलंस' म्हणत आली होती. भिकाजीने, तिच्या नवऱ्याने, तिला घाटकोपरहून इथे आणून सोडलं तेव्हा तो दारातच म्हणाला होता, चार दिवस राहू दे हिला, मग नेतो. तेव्हाही ती म्हणाली होती, बरं. ते चार दिवस अजून संपायचे होते. तीन वर्षांच्या संसारात पोर झालं नाही, एवढाच तिचा गुन्हा. पण खाणं तिच्या अंगाला चिकटलं ते तिथेच, सासूच्या नजरेखाली. म्हातारी काही बोलत नसे. सगळ्यांचं झाल्यावर मालन भाकरी घेऊन बसली की समोर उंबऱ्यावर येऊन टेकायची आणि तिच्या घासाबरोबर मान वरखाली करायची. त्या नजरेखाली दुसरी भाकरी मालनने कधी घेतली नाही. मग दुपारी म्हातारी पडली की मालन पिठाच्या डब्याशी जायची आणि कोरडं पीठ गुळाशी कालवून तोंडात कोंबायची. भूक म्हणून नव्हे. ते पीठ टाळूला चिकटलं, श्वास अडला की डोक्यातला सगळा गलका थोडा वेळ बंद व्हायचा. त्यासाठी. आई होती तोवर माहेरी हे कमी झालं होतं. आई काही विचारायची नाही, ताट वाढून समोर ठेवायची आणि पुन्हा वाढायची. आई गेली, किल्ल्या जयंतीच्या कमरेला गेल्या, आणि मालनचा हात पुन्हा डब्यांकडे जाऊ लागला.

त्यात ती तरबेज झाली होती, हे मात्र कबूल करायला हवं. डब्याचं झाकण पदरात धरून उघडायचं म्हणजे आवाज होत नाही. शेव चावायची नाही, जिभेवर भिजू द्यायची. लाडू खालच्या थरातला काढायचा आणि वरचे सारखे करून ठेवायचे. खाताना दाराकडे पाठ. चौथ्या-पाचव्या घासाला ते सुख संपायचं, आणि तरी हात चालूच राहायचा, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात आहे. मग एकदम थांबायचं. चूळ भरायची, ओठ पुसायचे, आणि आतून अशी घाण वाटायची की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावी. शिक्षा म्हणून ती उपास करायची. गुरुवार होताच, मग शनिवार धरला, मग संकष्टी. चाळीत तिचं नाव झालं, मालनबाई फार देवाच्या. शेजारची जानकी तर आपल्या सुनेला तिचं उदाहरण द्यायची. एकदा नळावर जयंती सगळ्यांसमोर हसत म्हणाली होती, "एवढे उपास करून अंग वाढतं कसं, ते देवालाच ठाऊक." बायका हसल्या. मालनही हसली. त्या रात्री तिला झोप आली नाही, आणि सकाळी तिने निम्मा डबा चिवडा संपवला. जयंतीला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत असणार. तिने कधी तोंडावर विचारलं नाही, भांडण केलं नाही. भांडली असती तर मालनला बोलता तरी आलं असतं.

आणि आता हे कुलूप. रात्री आडवी पडली की मालनचं मन त्याच्याकडेच वळून वळून यायचं. ट्रंकेत तसं काय आहे म्हणा. खरंच काय होतं? लग्नातलं एक लुगडं, कुंकवाचा करंडा, आईची एक चोळी. ते उघडं टाकून हिने शेव कुलपात ठेवली. रागाने तिचे कान गरम व्हायचे. नवल असं की तो राग तिला बरा वाटत होता. आजवर जे जे झालं ते तिने गिळलं होतं, वर काहीतरी खाल्लं होतं आणि मग स्वतःलाच बोल लावले होते. या वेळी खायला काही हाताशी नव्हतं, त्यामुळे राग जिथल्या तिथे राहिला, दुसऱ्या दिवशीही होता, तिसऱ्या दिवशीही. गुरुवारी गणपती बसला. आरतीच्या वेळी जयंतीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा वाजत होता आणि मालन टाळ्या वाजवत मनात एकच गोष्ट मोजत होती, की रविवारी गौरीपूजन आहे.

त्यांच्या घरची रीत अशी. गौर माहेरी आलेली लेक, म्हणून पूजेच्या दिवशी तिला वडे-कोंबडीचा तिखटाचा नैवेद्य. गणपतीला ते चालत नाही, त्याच्यासमोर तेवढा वेळ चादर धरतात. नैवेद्य झाला की पहिलं पान घरच्या माहेरवाशिणीचं, गौरीच्या समोर. ती जेवेपर्यंत घरात कुणी घास घ्यायचा नाही. घरच्या सुनेने तिला स्वतःच्या हाताने वाढायचं, आणि माहेरवाशीण आपल्या तोंडाने 'पुरे' म्हणेपर्यंत पळी खाली ठेवायची नाही. 'संपलं' हा शब्द त्या दिवशी काढायचा नाही. काढला तर गौर उपाशी गेली म्हणतात, आणि वर्षभर घरात काय बरंवाईट होईल ते त्या एका शब्दाच्या माथी येतं. आई असताना या जेवणाचा केवढा थाट असायचा. आईच्या मागे जयंतीने रीत मोडली नाही, मोडायची गरजच पडली नाही. मालन दरवर्षी मान खाली घालून बसायची, नवऱ्याने टाकलेल्या बाईला कसला मान असं वाटून एका वड्यातच 'पुरे गं' म्हणायची आणि उठायची. मग संध्याकाळी डब्यांशी जायची.

या वर्षी पुरे म्हणायचं नाही. एवढं तिने ठरवलं होतं. बाकी काही नाही. भांडायचं नाही, कुलपाचं नाव काढायचं नाही. नुसतं बसायचं आणि जेवायचं, सगळ्यांदेखत, हक्काने. आणि वाढायचं तिने. दर वेळी कमरेची किल्ली काढून. हे सुचलं तेव्हा मालन कारखान्यात कार्डावर बटणं टाचत होती, आणि इतकी खूश झाली की तिची सगळी कार्डं सरळ आली.

रविवारी जयंती पहाटेपासून चुलीशी उभी होती. चुलीशी म्हणजे दोन स्टोव्हशी. वड्यांचं पीठ, नारळाचं वाटण, कोंबडी, सगळं एकटीने. मालन मदतीला गेली तर म्हणाली, "नको, तुम्ही बसा आक्का, आज तुमचा मान." मालनने ते हसून घेतलं. दहिसरहून जयंतीची आई सुंदराबाई आली होती, अंगाने वाळकी, तोंडाने मोकळी. शेजारची जानकी आली होती. चंद्रप्रकाशने गणपतीसमोर चादर बांधली. कोपऱ्यात गौर उभी होती, तेरड्याच्या जुड्यांवर मुखवटा, अंगावर जयंतीची हिरवी साडी. नैवेद्य दाखवला, आणि तिच्यासमोर पाट मांडून चंद्रप्रकाश म्हणाला, "बस, आक्का." सगळे भिंतीकडेने बसले. पोटात कावळे ओरडत असलेल्या माणसांचे चेहरे कसे अदबशीर होतात ते मालनने एकदा पाहून घेतलं.

जयंतीने दोन वडे वाढले, रस्सा वाढला. रस्सा लालभडक होता, वर तेलाचा तवंग. मालनने वडा मोडला, वाफ आली, तिने घास केला, आणि चावला. वड्याची कड दातांखाली कुरकुरली, चांगली मोठ्याने. खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं असेल. कुणी बघू नये म्हणून तिने काही केलं नाही. ती बसून जेवत होती. मसाल्यात आज जयंतीने बडीशेप जरा जास्त घातली होती, हे तिला कळलं, आणि आपल्याला चव कळते आहे याचंच तिला आश्चर्य वाटलं. डब्यांशी उभी राहून खाल्लेल्या कशाचीही चव तिला आठवत नव्हती. दुसरा वडा झाला. वाटी झाली. आणि पोटात काहीतरी झालं. प्रथम तिला वाटलं, कळ आली. कळ नव्हती. एक जडपणा हलकेच खालून वर येऊन थांबला होता, कुणी खांद्यावर हात ठेवून 'बस आता' म्हणावं तसा. तिचं पोट भरलं होतं.

दोन वडे आणि एक वाटी. एवढ्यात. मालन हात ताटात ठेवून तशीच बसली. अकरा वर्षं तिला वाटत होतं की आपल्या पोटात भोक आहे, आपण हावरट आहोत, आपल्याला कितीही घातलं तरी कमीच. आणि लागत होतं ते एवढंच होतं. एक पाट, समोर ताट, कुणीतरी येऊन वाढणं. रोज दोनदा एवढं कुणी केलं असतं तर शेवेचा डबा कुलपाशिवाय वर्षभर तसाच राहिला असता. तिला रडू यायला हवं होतं. पण तिच्या आत जे उठलं ते रडू नव्हतं. इतकं थोडं होतं आणि तेवढंही दिलं नाहीस तू मला, असं ते होतं, आणि ते सरळ उठून जयंतीच्या तोंडाकडे बघत होतं. "पुरे?" जयंतीने विचारलं. पळी तिने जवळजवळ खाली ठेवलीच होती.

"वाढ," मालन म्हणाली.

जयंतीने क्षणभर पाहिलं. वाढलं. पुढचे वडे आत कपाटात, टोपलीत होते. ती आत गेली, किल्लीचा आवाज झाला, कडीचा झाला, ती दोन वडे घेऊन आली. मालनने ते खाल्ले. आता चव गेली होती, नुसतं चावणं उरलं होतं, पण ते ती सावकाश करत होती, एकेक हाड चोखून ताटाच्या कडेला नीट मांडत होती. "वाढ." पुन्हा किल्ली, पुन्हा कडी. चंद्रप्रकाश खाकरला. जानकी पदराआड हसून म्हणाली, "आज बऱ्या जेवताहेत हो मालनबाई." आणि सुंदराबाईला तर भरतं आलं. तिला आपल्या लेकीच्या हाताचा अभिमान वाटत होता. "वाढ गो बाय, हात कित्याक आखडतंस?" ती लेकीवरच ओरडली. "माहेरवाशीण ती. गवर बघता हा. पोटभर घाल तिका." मालनला त्या म्हातारीचा मुका घ्यावासा वाटला. सख्खी आईच मुलीला ढकलत होती आणि मुलीला तोंड उघडायची सोय नव्हती. चौथ्या खेपेला जयंतीने कपाटाला पुन्हा कुलूप घातलंच नाही. ते कडीत लोंबकळताना मालनला पाटावरून दिसलं. तिला लढाई जिंकल्यासारखं वाटलं. पोटाला तडस लागली होती, लुगड्याची गाठ कातडीत रुतत होती, घशाशी आंबट येत होतं. ती खात राहिली.

पळी टोपाच्या तळाला खरडल्याचा आवाज आला. जयंती वाढायला वाकली तेव्हा तिचं तोंड मालनच्या कानाशी आलं. घामाचा आणि वाटणाचा वास आला. ओठ न हलवता ती म्हणाली, "आक्का, त्यांच्यासाठी आणि आईसाठी वेगळं काढलंय मी. हे शेवटचं माझं आहे. पहाटेपासून पोटात काही नाही माझ्या." आवाजातली साखर गेली होती. अकरा वर्षांत तिने मालनकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. मालनने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं तिच्या, हनुवटीवर पिठाचा डाग होता. एक शब्द म्हटला की झालं. तो शब्द मालन आजवर दर वर्षी फुकट देत आली होती. तिने तो जिभेवर घोळवून पाहिला. दिला तर सगळं पुन्हा होतं तसं होणार, उद्या कुलूप लागणार, आणि तिच्याकडे मागायला कुणी येणार नाही.

"वाढ," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

जयंतीने टोप तिरका करून सगळा रस्सा तिच्या वाटीत ओतला, वरून शेवटचा वडा ठेवला. मालनने तो खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत, वाटी बोटाने पुसून. मग ती म्हणाली, "पुरे." सुंदराबाईने गौरीला हात जोडले.

जेवणं आटोपल्यावर घर पेंगलं. चंद्रप्रकाश पालथा झोपला होता, सुंदराबाई भिंतीला टेकून घोरत होती, जानकी घरी गेली होती. मालनला कुशीवर वळता येत नव्हतं. पाणी प्यावं म्हणून ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी आली. जयंती ओट्याशी उभी होती. दाराकडे पाठ. टोपाच्या कडेला धरलेली मसाल्याची खरड ती भाताच्या गोळ्याने पुसून खात होती, आवाज न करता, भराभर, खांदे आत घेऊन. मालन खिळल्यासारखी उभी राहिली. ती पाठ तिने कधी पाहिली नव्हती आणि तरी ती तिला पाठ होती. आपण मागून अशा दिसतो.

चाहूल लागून जयंती वळली. तोंड भरलेलं होतं. तिने घास गिळला, पालथ्या हाताने ओठ पुसले, आणि ती लाजली नाही. "झालं समाधान?" तिने विचारलं.

"नाही," मालन म्हणाली. खोटं बोलायची ताकद नव्हती तिच्यात. मग जे बोलायचं ठरवलं नव्हतं ते ती बोलली. "मला रोज वाढत जा, जयंती. दोन वेळा. ताटात, बसवून. मी कशाला हात लावणार नाही मग."

जयंती हसली. वाईट हसली नाही, दमलेलं हसली. "आणि मला कोण वाढतं हो? पंधरा वर्षं झाली या घरात येऊन. तुमच्या आईने एकदा तरी मला पाटावर बसवलं? तुमचं ताट वाढायच्या त्या, मी दारात उभी असायचे. पुन्हा वाढायच्या. मी मोजायचे."

स्टोव्हवर काहीतरी झाकलेलं होतं. मालनने झाकण उचललं. थोडा भात होता. तिने फळीवरून एक ताट काढलं, भात त्यात घातला, लोणच्याची बरणी ओढली, आणि ओट्याखालचा पाट पायाने पुढे सरकवला. "बस," ती म्हणाली.

जयंतीने पाटाकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. भूक तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती, आणि तरी ती मान हलवत राहिली. "तुमच्या हातचं नको, आक्का," ती सावकाश म्हणाली. "आज नको आणि कधीच नको." तिने कमरेचा जुडगा काढून ताटाच्या शेजारी ठेवला, पाट ओलांडून बाहेर गेली आणि आईच्या शेजारी तोंड भिंतीकडे करून आडवी झाली.

मालन एकटी राहिली. कपाट सताड उघडं होतं. सगळे डबे, शेव, लाडू, चकल्या, सगळं आता तिच्या ताब्यात होतं, आणि बाहेर सगळे झोपलेले होते. पोट दगडासारखं झालं होतं, त्यात पाण्याच्या घोटालाही जागा नव्हती. ती पाटावर बसली. जयंतीसाठी वाढलेल्या ताटात भात होता, कडेला लोणच्याची फोड. तिने ताट जवळ ओढलं. पहिला घास तोंडाशी नेताना तिला कळलं की आपण रडतो आहोत, आणि हात थांबत नाही.